बंद कारखान्यांचा दोष आयातीला देण्याआधी

१९९१ च्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखानदाराला परदेशातून एक लाख रुपयांचा कच्चा माल मागवायचा असेल, तर एल.सी. (बँकेचे पतपत्र) उघडताना बँक त्याच्याकडून दोन लाख रुपये रोख मार्जिन मागत होती. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर १९९० मध्ये हे मार्जिन ५० टक्के ठरवले, मार्चमध्ये ते १३३ टक्क्यांवर नेले आणि एप्रिलमध्ये २०० टक्के केले. मे महिन्यात आयातीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर २५ टक्के अधिभार बसला. सीमाशुल्क आणि परवाना हे सगळे याच्यावर वेगळे.

कारण साधे होते. देशाजवळ डॉलर उरले नव्हते. आखाती युद्धाने तेल महागले होते, आखातात काम करणारे लोक परत आले होते आणि अनिवासी भारतीय आपल्या ठेवी काढून नेत होते. जूनच्या सुमारास परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढेच राहिले. मे महिन्यात सरकारजवळचे २० टन सोने स्वित्झर्लंडला गेले, जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे जवळजवळ ४७ टन सोने परदेशात तारण ठेवण्यासाठी मुंबईच्या विमानतळावरून रवाना झाले. अशा वेळी आयात दाबून धरण्याखेरीज सरकारच्या हाती काही नव्हते. १९९१-९२ मध्ये देशाची आयात डॉलरमध्ये मोजली तर सुमारे एक पंचमांशाने घटली.

त्या वर्षी औद्योगिक उत्पादनाची वाढ जवळपास शून्यावर आली, ही गोष्ट इथेच नोंदवून ठेवायला हवी. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात आज कुणाशीही बोला, ‘सरकारने आयात खुली केली आणि आमचे कारखाने गेले’ हे वाक्य ऐकू येते. पण या पट्ट्याला नव्वदच्या दशकातला पहिला मोठा फटका बसला तो आयात आवळली गेल्यामुळे. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनला आणि मोहोन्याच्या नॅशनल रेयॉनला (एन.आर.सी.) व्हिस्कोजचा धागा काढायला रेयॉन दर्जाचा लगदा लागे, डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त रंग बनवणाऱ्यांना इंटरमीजिएट्स लागत, वागळे इस्टेटच्या मशीनशॉपना विशेष पोलाद, बेअरिंग आणि टूल लागत. यातला बराच माल बाहेरून यायचा. माल अडला की पाळी थांबते.

२४ जुलै १९९१ रोजी मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. तेव्हापासून पुढची चार-पाच वर्षे, ते अर्थमंत्री असताना, सरकारने कर आणि आयात यांबाबत जे केले, त्याची बाजू मला इथे मांडायची आहे. दिशा बरोबर होती, आणि वेग त्याहून बरोबर होता. जे चुकले ते वेगळ्याच खात्यात चुकले, त्याकडे शेवटी येतो.

आधी आकडे. काही वस्तूंवर तोवर ३०० टक्क्यांहून अधिक सीमाशुल्क होते. १९९१ मध्ये कमाल दर १५० टक्के झाला, १९९२ मध्ये ११०, १९९३ मध्ये ८५, १९९४ मध्ये ६५ आणि १९९५ मध्ये ५०. यंत्रसामग्रीवरचा सर्वसाधारण दर ८५ टक्क्यांच्या आसपास होता, तो १९९४ पर्यंत २५ वर आला. पायऱ्या अशा एकेका वर्षाच्या होत्या आणि कुठे जायचे आहे ते आधी सांगितलेले होते. राजा चेल्लय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या कर सुधारणा समितीने दर कमी करा, दरांची संख्या कमी करा, सवलतींचे जंगल साफ करा, असा आराखडा घालून दिला होता. कारखानदाराला पुढच्या मार्चमध्ये काय होणार याचा अंदाज होता. धोरणाच्या बाबतीत मला हा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण अचानक उतरलेला दर कारखाना मारतो, सांगून उतरलेला दर त्याला तयारीला लावतो.

आता टीका करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा घेऊ. शुल्क उतरले म्हणजे परदेशी माल स्वस्त झाला आणि देशी मालाचे संरक्षण गेले, असे ते म्हणतात. हा हिशेब अर्धाच आहे, कारण त्यात रुपया नाही.

जुलै १९९१ च्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. त्याआधी डॉलर २१ रुपयांच्या आसपास होता. मार्च १९९२ मध्ये निर्यातदाराच्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारदराने बदलण्याची सोय आली. मार्च १९९३ मध्ये दोन्ही दर एक झाले आणि डॉलर ३१ रुपये ३७ पैशांच्या जवळ स्थिरावला. एक डॉलरची वस्तू घ्या, जिच्यावर १५० टक्के शुल्क होते. २१ रुपयांच्या डॉलरने ती बंदरातून बाहेर पडताना ५२ रुपये ५० पैशांना पडत होती. १९९३ मध्ये शुल्क ८५ टक्क्यांवर आले, पण डॉलर ३१.३७ झाला होता, म्हणून तीच वस्तू ५८ रुपयांना पडू लागली. शुल्क एवढे उतरूनही परदेशी वस्तू रुपयांत महागच झाली! १९९४ मध्ये ६५ टक्के शुल्काने ती ५१ रुपये ७६ पैशांवर आली आणि १९९५ मध्ये ५० टक्क्यांनी ४७ रुपयांवर. दरम्यान देशातली महागाईही बरीच वाढली होती, ऑगस्ट १९९१ मध्ये घाऊक किमती वर्षाला १६-१७ टक्क्यांनी चढत होत्या, त्यामुळे प्रत्यक्ष संरक्षण या आकड्यांपेक्षा कमी झाले हे खरे. तरीही शुल्काची भिंत उतरवताना रुपयाची भिंत तिच्यामागे आधीच उभी केलेली होती, आणि हा क्रम मुद्दाम ठरवलेला होता.

या दोन भिंतींत मोठा फरक आहे. सीमाशुल्क फक्त देशात विकणाऱ्याला वाचवते. स्वस्त रुपया देशात विकणाऱ्याला वाचवतो आणि बाहेर विकणाऱ्यालाही बळ देतो. डोंबिवलीच्या रंगवाल्याने शंभर डॉलरचा माल युरोपला पाठवला, तर त्याला १९९१ च्या मे महिन्यात २१०० रुपये मिळत होते आणि दोन वर्षांनी ३१३७. देशाची निर्यात १९९०-९१ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलर होती, ती १९९५-९६ मध्ये जवळपास ३२ अब्जांवर गेली. त्यातली तीन वर्षे वाढीचा दर २० टक्क्यांच्या आसपास होता. परकीय चलनाचा साठा १९९५ च्या मार्चमध्ये २५ अब्ज डॉलरच्या घरात होता. चार वर्षांपूर्वी सोने गहाण टाकणारा देश तो हाच.

१९६६ चा अनुभव आठवला म्हणजे या क्रमाची किंमत कळते. त्या जूनमध्ये अर्थमंत्री सचिन चौधरी यांच्या काळात डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला आणि त्याबरोबर आयातीवरची बंधने सैल करायला घेतली होती. पाठोपाठ दुष्काळ आला, अपेक्षित परदेशी मदत पुरेशी मिळाली नाही, राजकीय टीका तुटून पडली आणि सरकार मागे फिरले. अवमूल्यनाचा त्रास लोकांनी सोसला, सुधारणेचे फळ मात्र आलेच नाही. १९९१ नंतर सरकार मागे फिरले नाही. खतांच्या दरवाढीसारख्या काही गोष्टींत त्याने थोडी माघार घेतली, पण शुल्काच्या पायऱ्या ते पुन्हा उलटे चढले नाही.

संरक्षण म्हणजे नेमके काय, हे समजायला एक छोटा हिशेब पुरतो. जगाच्या बाजारात एका वस्तूची किंमत २०० रुपये आहे, त्यात कच्चा माल १२० रुपयांचा. म्हणजे कारखान्याच्या कामाची, पगाराची, विजेची आणि नफ्याची जागा ८० रुपये. सरकारने तयार वस्तूवर ४० टक्के शुल्क लावले, तर देशात ती २८० पर्यंत विकता येते. पण त्याच वेळी कच्च्या मालावर ८० टक्के शुल्क असेल, तर तो २१६ ला पडतो. उरले ६४. संरक्षण मिळूनही कारखानदार परदेशातल्या स्पर्धकापेक्षा वाईट अवस्थेत. कच्च्या मालावरही ४० टक्केच ठेवले असते, तर माल १६८ ला पडला असता आणि हातात ११२ राहिले असते. म्हणजे कारखान्याला काय मिळते ते तयार मालाच्या आणि कच्च्या मालाच्या दरांतल्या फरकावर ठरते. नुसता मोठा दर पाहून समाधान मानणारे हा फरक पाहत नाहीत. कच्च्या मालावरचे शुल्क हा निर्यातीवरचाच कर असतो. तो परत मिळवून देण्यासाठी ड्रॉबॅक आणि अॅडव्हान्स लायसन्सची व्यवस्था होती, पण तिच्या फायली हलवायला माणूस ठेवावा लागे, आणि दहा-पंधरा कामगारांच्या युनिटला तो परवडत नसे. दर मुळातच खाली आणणे हा अशा युनिटसाठी खरा दिलासा होता.

उत्पादन शुल्काचीही तीच कथा. पूर्वी पोलादावर एक्साइज, त्या पोलादाच्या सुट्या भागावर एक्साइज, त्या भागाच्या यंत्रावर पुन्हा एक्साइज, असा करावर कर चढत जाई. विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८६ च्या अर्थसंकल्पात मॉडव्हॅट आणले आणि मागच्या टप्प्यावर भरलेला कर पुढच्या टप्प्यावर वजा करता येऊ लागला. या वजावटीच्या हिशेबाची आरजी २३ ची वही एके काळी ठेवलेले कारकून या पट्ट्यात घरोघर आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही. पण यंत्रसामग्रीवरचा कर तेव्हा त्यात धरला जात नव्हता. १९९४ मध्ये भांडवली वस्तूंनाही मॉडव्हॅट लागू झाले. जुने लेथ काढून नवे मशीन घेणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. त्याआधी, १९९३ मध्ये, मंदावलेल्या उद्योगाला उठवण्यासाठी मोटारगाड्यांवरचे उत्पादन शुल्क ५५ वरून ४० टक्क्यांवर आणले होते. आणि १९९४ मध्येच टेलिफोन, विमा आणि शेअर दलाल या तीन सेवांवर ५ टक्के सेवाकर आला. कर फक्त कारखान्याच्या फाटकावर गोळा करायचा आणि सेवा मोकळ्या सोडायच्या, हा अन्याय तिथे मोडायला सुरुवात झाली.

तिजोरीचे काय झाले? सीमाशुल्कातून १९९०-९१ मध्ये २०,६४४ कोटी रुपये आले होते, १९९५-९६ मध्ये ३५,७५७ कोटी आले. दर तिसऱ्या हिश्श्यावर येऊनही रक्कम वाढली, कारण व्यापार वाढला आणि रुपयाही घसरला होता. तरी देशाच्या उत्पन्नाच्या तुलनेत केंद्राचा कर त्या काळात घटला, आणि वित्तीय तूट १९९३-९४ मध्ये पुन्हा फुगली. सेवाकराचे पहिल्या वर्षीचे उत्पन्न जेमतेम चारशे कोटींचे होते. एक बाजू उतरवताना दुसरी तितक्या लवकर उभी राहिली नाही. हा दोष मी मान्य करतो. तो शुल्क कमी करण्याचा मात्र नव्हे. नवे करदाते जाळ्यात आणायला दिरंगाई झाली, त्याचा आहे.

‘ही धोरणे वॉशिंग्टनमध्ये लिहिली गेली’ हा आरोप त्या वेळी संसदेत आणि बाहेरही झाला. नाणेनिधीचे कर्ज घेतले होते, अटी होत्या, हे कुणी नाकारत नाही. पण परवाना पद्धत आणि आयात नियंत्रण यांवर बोट ठेवणाऱ्या समित्या आपल्याकडे सत्तरीच्या शेवटापासून बसत होत्या, १९७८ ची अलेक्झांडर समिती, १९८४ ची आबिद हुसेन समिती. महाराष्ट्रात तर या वादाची दोन्ही टोके होती. शेतकरी संघटनेचे शरद जोशी खुल्या व्यापाराच्या बाजूने उभे राहिले, जागतिक व्यापार वाटाघाटींतल्या डंकेल प्रस्तावाचेही त्यांनी समर्थन केले, कारण बंद बाजारात शेतकऱ्याला जगाच्या भावापेक्षा कमी भाव मिळतो हे ते वर्षानुवर्षे मांडत होते. दुसरीकडे नोव्हेंबर १९९१ मध्ये नागपुरात दत्तोपंत ठेंगडी यांच्या पुढाकाराने स्वदेशी जागरण मंच स्थापन झाला. कल्याणचे राम कापसे तेव्हा ठाण्याचे भाजपचे खासदार होते, म्हणजे या पट्ट्याचा प्रतिनिधी विरोधी बाकांवर होता. १९९३ मध्ये राहुल बजाज आणि इतर उद्योगपतींनी एकत्र येऊन ‘आम्हाला बरोबरीची संधी द्या’ असा आग्रह धरला. वीज, व्याज आणि कर महाग असताना परदेशी स्पर्धा अंगावर येते, ही त्यांची तक्रार पोकळ नव्हती.

पण नंतर काय झाले ते पाहा. १९९६ मध्ये सरकार बदलले, पी. चिदंबरम यांनी कमाल दर ४० टक्क्यांवर आणला. १९९८ मध्ये भाजपचे सरकार आले, आणि ज्या यशवंत सिन्हांनी १९९१ मध्ये अर्थमंत्री म्हणून सोने पाठवण्याचा कटू निर्णय घेतला होता, त्यांनीच २००२ पर्यंत दर ३० वर नेला. २००७ मध्ये तो १० झाला. विरोधात बोललेला प्रत्येक पक्ष सत्तेत आल्यावर त्याच वाटेने गेला. सगळ्यांची एकदम फसगत झाली, असे मानणे मला जड जाते.

आता आपल्या कारखान्यांकडे येऊ.

डोंबिवलीजवळचा प्रीमियरचा मोटारींचा कारखाना घ्या. १९९४ च्या सुमारास तिथे प्यूजो कंपनीबरोबर भागीदारीत ३०९ गाडी बनू लागली. कामगारांचे वाद झाले, विक्री मंदावली आणि १९९७ मध्ये फ्रेंच भागीदार निघून गेला. आज त्या जागेवर उंच इमारती आहेत. हा कारखाना आयातीने मारला, असे म्हणणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की तयार गाड्यांची आयात २००१ च्या एप्रिलपर्यंत परवान्याखालीच होती. प्रीमियर भिंतीच्या आत राहूनच हरला. त्याला हरवले गुडगावच्या मारुतीने आणि इथेच कारखाने काढणाऱ्या नव्या कंपन्यांनी. ग्राहकोपयोगी वस्तूंचेही तसेच. यंत्रे आणि कच्चा माल खुला झाला, पण तयार ग्राहकोपयोगी वस्तूंवरची परिमाणात्मक बंधने जवळजवळ दहा वर्षे तशीच राहिली. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, भारत हरला, आणि मग १ एप्रिल २००० ला ७१४ आणि १ एप्रिल २००१ ला उरलेल्या ७१५ वस्तू मोकळ्या झाल्या. दशकभराचा अवधी कमी नव्हे.

ठाण्याचा रेमंडचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला. कापड मात्र वापी, छिंदवाडा आणि जळगावच्या गिरण्यांत निघत राहिले. काम परदेशात गेले नाही, देशातच सरकले. ते का सरकले याची उत्तरे सीमाशुल्काच्या पुस्तकात सापडणार नाहीत. महाराष्ट्र सरकार १९६४ पासून मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना विक्रीकरात सवलती देत होते, इथल्यांना त्या नव्हत्या. मालावर ठाण्याच्या नाक्यावर जकात, कल्याणला नेला तर पुन्हा जकात. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले, तिथले शुल्क वर्षागणिक उतरत गेले, पण शीळफाट्यावरच्या रांगा तशाच राहिल्या. त्यात जमिनीचे भाव. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याने नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द केला आणि पोखरण रोडपासून मोहोन्यापर्यंत कारखान्याच्या जमिनीची किंमत कारखान्यापेक्षा मोठी झाली. पुढच्याच दोन-तीन वर्षांत इथले मोठे कारखाने बंद पडले, ते सर्वांनी पाहिले. १९९१ चे शुल्क आणि २००९ चे टाळे यांच्यामध्ये अठरा वर्षे आहेत, हे विसरून चालत नाही.

सर्वांत बोलका पुरावा मला कसारा रेल्वेमार्गावर दिसतो. कल्याणनंतर शहाड, मग आंबिवली. शहाडला सेंच्युरी रेयॉन, आंबिवलीजवळ मोहोन्याला एन.आर.सी. दोघांचा माल तोच, व्हिस्कोज फिलामेंट यार्न. लगद्यावरचे शुल्क तेच, चिनी धाग्याची स्पर्धा तीच, नदी तीच, आणि पुढे चिनी धाग्यावर अँटी-डम्पिंग शुल्क लागले ते दोघांसाठीही सारखेच. एन.आर.सी. नोव्हेंबर २००९ मध्ये बंद पडली. सेंच्युरी रेयॉन आजही चालू आहे. एका स्टेशनाच्या अंतरावर दोन निकाल लागतात, तेव्हा दोघांना समान असलेल्या आयात धोरणावर सगळा दोष टाकता येत नाही.

पण एन.आर.सी.च्या वसाहतीतल्या माणसाला हा युक्तिवाद ऐकवायला मला संकोच वाटतो, आणि तो वाटायलाच हवा. हजारो कामगार एका दिवसात बेकार झाले आणि त्यांची देणी वर्षानुवर्षे अडकून राहिली. इथे सरकार उणे पडले. धोरण बदलताना काही कारखाने मरणार हे १९९१ मध्येच ठाऊक होते, म्हणून तर १९९२ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला गेला. कामगारांना नवे कौशल्य शिकवणे, दुसरीकडे कामाला लावणे हा त्याचा घोषित उद्देश होता. प्रत्यक्षात पैसा मुख्यतः सार्वजनिक उपक्रमांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला, फेरप्रशिक्षणाच्या वाट्याला फार थोडे आले, आणि खासगी कारखान्यातला फिटर किंवा स्पिनिंग खात्यातला कामगार त्या निधीच्या आसपासही पोचला नाही. २००० मध्ये निधी गुंडाळला गेला. म्हणजे बंद पडण्याची मोठी लाट या पट्ट्यावर आली, तेव्हा तो अस्तित्वातच नव्हता. वाढलेल्या सीमाशुल्काच्या उत्पन्नातला छोटासा भाग जरी बाजूला ठेवला असता, तर कामगाराची देणी जमिनीच्या सौद्याआधी चुकती करण्याची व्यवस्था उभी करता आली असती. आयातीला विरोध करण्यात युनियनांनी जेवढी शक्ती घातली, त्यातली अर्धी या मागणीमागे लागायला हवी होती असे मला वाटते.

कच्च्या आणि तयार मालाच्या दरांतला उलटा फरक मात्र आपल्याकडे अजून पुन्हा पुन्हा उगवतो. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकातीची जागा घेणारा स्थानिक संस्था करही (एलबीटी) त्यात संपला, पण कृत्रिम धाग्याच्या साखळीत तंतूवर १८ टक्के, सुतावर १२ आणि कापडावर ५ असे दर बसले. भिवंडीचा यंत्रमागवाला सुतावर १२ भरून कापडावर ५ गोळा करी आणि उरलेल्या परताव्याची वाट पाहत बसे, त्याचे खेळते भांडवल तिथे अडके. २२ सप्टेंबर २०२५ पासून तंतू, सूत आणि कापड तिन्हींवर ५ टक्के झाले आहेत. शहाडचा धागा आणि भिवंडीचा माग एका दरात यायला आठ वर्षे लागली.